यूके: गाडी विकतोय, पण नंबर सोडवत नाही. काय करावं?

शेवटचा_डबा
नमस्कार मंडळी. आमची होंडा जॅझ (२०१३) विकायला काढली आहे. गिऱ्हाईकही ठरलंय, मागच्याच गल्लीतले एक गृहस्थ. पुढच्या शनिवारी गाडी न्यायची म्हणतात. घोडं अडलंय ते नंबरवर.

गाडीवर खाजगी नंबर आहे. लेकीच्या नावाशी अक्षरं जुळतात म्हणून ती झाली तेव्हा डीव्हीएलएकडून (इथलं सरकारी वाहन-नोंदणी खातं) अडीचशे पौंडांना घेतला होता. आधीच्या गाडीवरून जॅझवर आणला तेव्हा सगळं डीलरनेच केलं, त्यामुळे मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. नवी गाडी ऑफिसच्या सॅलरी सॅक्रिफाइसमधून (हप्ता पगारातूनच कापतात) इलेक्ट्रिक घेतोय, ती यायला अजून दोन-तीन महिने आहेत. तोवर हा नंबर ठेवायचा कुठे? आणि गाडीबरोबर गेलाच तर मागून परत मिळतो का?

बजेट सगळं मिळून शंभर पौंड. वर एक पेनी नाही. आणि कृपा करून "गाडी विकूच नका" असं कोणी सांगू नका. ते काम आमच्याकडे सासूबाई करतायत.

केंटची_काकू
विकायच्या आधी काढून घ्या. मागून काही मिळत नाही. गाडी नंबरसकट दुसऱ्याच्या नावावर झाली की नंबरचा हक्कही त्याचाच. मग तो गृहस्थ कितीही भला असो.

काम फार नाही. सरकारी साइटवर जायचं, लॉग बुकवरचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) ११ आकडी रेफरन्स नंबर टाकायचा, ८० पौंड भरायचे. नंबर गाडीवरून उतरतो आणि तुमच्या नावाने व्ही ७७८ हे रिटेन्शनचं, म्हणजे नंबर राखून ठेवल्याचं पत्र येतं. मुदत १० वर्षं. पुढे नव्या गाडीवर चढवताना वेगळी फी नाही, ती त्या ८० मध्येच आली. पोस्टाने करायचं तर व्ही ३१७ फॉर्म आहे, पण तुम्हाला शनिवार गाठायचाय, तेव्हा ऑनलाइनच करा. रात्री जेवणं उरकून बसू नका, ही सेवा सकाळी ७ ते संध्याकाळी ७ एवढीच चालू असते.

पुणेरी_खवचट
गाडीपेक्षा नंबरचं कौतुक! आमच्याकडे गाडी विकली की नंबर गाडीबरोबर जातो, माणूस घरी येऊन जेवतो आणि झोपतो.

बाबूराव_बव्हेरियन
नंबर काय आहे ते सांगा आधी. त्यावर सगळं अवलंबून आहे.

माझ्याकडे तीन खाजगी नंबर आहेत, त्यातले दोन नॉर्दर्न आयर्लंडचे. त्यात आय किंवा झेड अक्षर असतं आणि गाडी कुठल्या सालची ते कळत नाही. शेजाऱ्याला माझी पाच वर्षं जुनी गाडी अजून नवी वाटते. तुम्ही दीड-दोन हजारांत एखादा छान डेटलेस (साल न सांगणारा) नंबर घेऊन टाका, ही गुंतवणूक आहे. २०१४ च्या डीव्हीएलए लिलावात '२५ ओ' हा नंबर फी आणि कर धरून ५ लाख १८ हजार पौंडांना गेला होता. जुन्या फेरारीवर लावायला घेतला. लोक काय वेडे आहेत का?

निवांत_नीलिमा
@बाबूराव, बजेट शंभर पौंड आहे हो. आणि लोक वेडे आहेत का, याचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे.

मूळ प्रश्नाबद्दल: आधी नंबर काढा, मग गाडी विका. ८० पौंड लागतात. १० वर्षं ठेवता येतो.

केंटची_काकू
हेच मी वर लिहिलंय ना?

निवांत_नीलिमा
हो काकू, अनुमोदन म्हणून लिहिलं.

जर्सीकर
एवढं काय त्यात? गाडी विकताना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि दोन्ही प्लेटा काढून घरात ठेवा. आम्ही इथे न्यू जर्सीत तेच करतो. प्लेट मालकाची, गाडी गिऱ्हाइकाची. माझी चुलत बहीण कॅलिफोर्नियात असते, तिथे साध्या प्लेटा गाडीबरोबर जातात, पण हौसेने नाव घालून घेतलेल्या असतील तर त्या आपल्याकडे राहतात. तुम्ही ब्रिटिश लोक उगाच फॉर्म भरत बसता.

टायरवाला_तात्या
@जर्सीकर, कृपया असं काही सांगू नका, कोणीतरी खरंच करेल. इथे प्लेट म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा, नंबर असतो डीव्हीएलएच्या नोंदीत. प्लेट काढून माळ्यावर टाकली तरी नोंदीत नंबर गाडीलाच चिकटलेला. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी त्याच नंबरची नवी जोडी करून आणेल आणि ते पूर्ण कायदेशीर असेल.

स्विंडनचा_श्याम
काकूंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण एक भर. डीलरवर सोडू नका. मी जुनी गाडी पार्ट एक्स्चेंजला (जुनी देऊन नवी घ्यायला) दिली तेव्हा सेल्समनने सांगितलं, "नंबरचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त इथे सही करा." सही केली. नवी गाडी घ्यायला गेलो तर त्यावर कारखान्यातून आलेला साधा नंबर. विचारलं तर म्हणे, जुनी गाडी लिलावात गेली, तिकडेच गेला नंबर. मॅनेजर हात झटकून मोकळा. "सर, कागदावर तुम्ही नंबर ठेवून घेणार असं कुठेच लिहिलेलं नाही." आता तो नंबर कोणीतरी मिरवत असेल. नंतर त्या डीलरने मला एक मोफत व्हॅले सर्व्हिस देऊ केली. गाडी धुऊन देतात हो त्यात. धुऊन!

हे काम स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ईमेलवर करा. ऑनलाइन केलं की व्ही ७७८ चा रेफरन्स लगेच मिळतो, तो जपून ठेवा.

पुणेरी_खवचट
व्हॅले सर्व्हिस =)) =))

शेवटचा_डबा
वा, भराभर उत्तरं आली, आभार. काकू, नंबर काढल्यावर जॅझला नंबर कुठला? बिननंबराची गाडी कशी देणार?

@बाबूराव, नंबर इथे टाकत नाही, लेकीचं नाव आहे त्यात. एवढंच सांगतो की एका अक्षराने सुरू होणारा जुन्या पद्धतीचा आहे, आर वरून.

केंटची_काकू
डीव्हीएलए दुसरा नंबर देते. गाडीवर मूळचा नंबर असेल तर बहुतेक वेळा तोच परत येतो, नाहीतर गाडीच्या वयाला साजेसा दुसरा. पण लक्षात घ्या, नंबर उतरला की जुन्या प्लेटा लावून रस्त्यावर जायचं नाही. नव्या प्लेटा लावूनच गाडी काढायची. त्या नोंदणी असलेल्या प्लेटवाल्याकडूनच मिळतात आणि तो ओळखपत्र आणि गाडीचा कागद दोन्ही मागतो. जोडीला साधारण वीस-तीस पौंड.

शेवटचा_डबा
म्हणजे ८० अधिक २५. बजेट गेलं की हो.

बाबूराव_बव्हेरियन
पाच पौंडांसाठी लेकीचं नाव सोडणार?

निवांत_नीलिमा
प्लेटांचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्या. त्याच्याच गाडीला लागणार आहेत.

स्विंडनचा_श्याम
आर म्हणजे ऑगस्ट १९९७ नंतरची मालिका. १९८३ ते २००१ पर्यंत सुरुवातीला वर्ष सांगणारं अक्षर असायचं, त्यातलं हे. म्हणजे तुमचा नंबर त्यानंतरच्या कुठल्याही गाडीवर चालतो. नियम एकच, नंबरामुळे गाडी आहे त्यापेक्षा नवी दिसता कामा नये. '१३' वाला नंबर २००९ च्या गाडीवर लावता येणार नाही, उलट चालतं.

उंटावरचा_शहाणा
मग रिटेन्शन वगैरेची भानगड कशाला? मिसेसची गाडी असेल ना? तिच्यावर चढवा आणि मोकळे व्हा. नवी गाडी आली की तिच्यावरून उतरवून नव्यावर.

टायरवाला_तात्या
म्हणजे दोनदा उतरवणं, दोनदा ८०. शिवाय मिसेसच्या गाडीला आधी एक आणि नंतर दुसरी अशा दोन प्लेटांच्या जोड्या. इन्शुरन्सला दोनदा कळवणं. तुम्ही उंटावरून खाली या.

उंटावरचा_शहाणा
मी फक्त पर्याय सुचवला. इथे सल्ला देणाऱ्याचीच उलटतपासणी होते. हे माझं शेवटचं पोस्ट.

मिल्टन_कीन्सकर
सगळे जण एक गोष्ट विसरताय. नवी गाडी सॅलरी सॅक्रिफाइसची आहे, म्हणजे लीजची. तिचं लॉग बुक लीज कंपनीच्या नावावर असतं, तुमच्या नाही. नंबर चढवायचा अर्ज त्यांच्या संमतीशिवाय होत नाही. काही कंपन्या करून देतात आणि वर आपली फी लावतात, काही सरळ नाही म्हणतात. आणि मुदत संपून गाडी परत देताना नंबर आधी उतरवावा लागतो, म्हणजे तेव्हा परत ८० पौंड आणि परत प्लेटा. आमच्या ऑफिसात एकाने परत देताना हे केलं नाही आणि लीज कंपनीशी सहा महिने ईमेल ईमेल खेळत बसला.

ऑर्डर देण्याआधी त्यांना लेखी विचारा. फोनवर कोणीही हो म्हणतं.

शेवटचा_डबा
अरे देवा. ऑर्डर तर दिली. विचारतो.

बाबूराव_बव्हेरियन
म्हणून मी कधी लीजवर गाडी घेत नाही. रोख घ्यायची, आपली म्हणायची. माझ्या तिन्ही नंबरांना कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. एका प्लेटवर तर काळा बोल्ट असा बसवलाय की लांबून आडनाव अख्खं वाचता येतं.

टायरवाला_तात्या
ते बेकायदेशीर आहे, बाबूराव. अक्षरांमधली जागा आणि अक्षरांचा आकार ठरलेला आहे, बोल्टने अक्षर बदलल्यासारखं दाखवायचं नाही. दंड १००० पौंडांपर्यंत, आणि एमओटीत (गाडीच्या वार्षिक तपासणीत) गाडी नापास होऊ शकते. मी रोज बघतो असल्या प्लेटा. मालक बाहेर चहाचा कप घेऊन "पण आतापर्यंत कोणी काही म्हटलं नाही" म्हणत उभा, आणि मी आत नापासचा शिक्का मारतोय.

बाबूराव_बव्हेरियन
मला आतापर्यंत कोणी काही म्हटलं नाही.

पुणेरी_खवचट
तात्यांचा चहाचा कप भरा कोणीतरी.

अवांतर: ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्रात चॉइस नंबरचे दर वाढले, चारचाकीला ०००१ साठी तीन लाखांचे पाच लाख झाले. तेव्हा पौंडातल्या ऐंशीचं रडगाणं आमच्यासमोर गाऊ नका.

जर्सीकर
पाच लाखांत इथे चांगली जुनी कॅमरी येते.

पुणेरी_खवचट
आणि तिला प्लेट लावायला स्क्रू ड्रायव्हर फुकट.

टायरवाला_तात्या
मूळ मुद्द्यावर येऊ. जॅझचा रोड टॅक्स सध्या भरलेला आहे ना? स्वतःच्या इंजिनवर चालते ना? दारात उभी असलेली, बंद पडलेली गाडी असेल तर नंबर काढायला अडचण येते. गाडी स्वतःच्या ताकदीने चालायला हवी आणि डीव्हीएलएने तपासणी मागितली तर दाखवता यायला हवी. क्यू ने सुरू होणारे नंबर तर काढताच येत नाहीत, पण तुमचा प्रश्न तो नाही.

आणखी एक, कोणीतरी वाचेल म्हणून लिहून ठेवतो. आमच्या मेहुण्याची गाडी मागून ठोकली गेली, इन्शुरन्सने टोटल लॉस ठरवली. क्लेमचे पैसे आले, टो ट्रक गाडी घेऊन गेला, सगळे खूश. नंबर आठवला तोवर गाडीचा पत्रा झाला होता. गाडी भंगारात गेली आणि नंबर आधी काढला नसेल तर हक्क संपला. ठोकलेली गाडी असेल तर इन्शुरन्सवाल्यांना पहिल्याच फोनवर सांगायचं की नंबर मी ठेवणार आहे, आणि त्यांचा त्या नंबरवर दावा नाही असं पत्र घ्यायचं.

निवांत_नीलिमा
बाप रे, हे माहीत नव्हतं. तात्या, यावर वेगळा धागा काढा.

केंटची_काकू
शनिवारबद्दल. डबेवाले, नीट वाचा. नंबर ऑनलाइन काढला की जुनं लॉग बुक निकामी. नवं लॉग बुक पोस्टाने येतं, नव्या नंबरचं, आणि त्यावर वेगळा ११ आकडी रेफरन्स असतो. गाडी विकल्याचं कळवायला तोच लागतो. म्हणजे आज काढलात तर नवं लॉग बुक हातात येईपर्यंत गृहस्थांना थांबवा. कागदाशिवाय गाडी देऊ नका, मग स्पीडिंगची पत्रं तुमच्याच दारात येतील.

विकल्यावर लगेच ऑनलाइन कळवा, लॉग बुकातली हिरवी स्लिप त्यांना द्या. न कळवल्याचा दंडही १००० पौंडांपर्यंत आहे. टॅक्स त्यांच्या नावावर जात नाही, उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे तुम्हाला परत येतात आणि त्यांना स्वतःचा टॅक्स भरावा लागतो. हे त्यांना आधी सांगा, नाहीतर गल्लीत तोंड लपवत फिराल.

मिल्टन_कीन्सकर
काकूंना डीव्हीएलएने नोकरी द्यावी. डीव्हीएलएचं ऑफिस स्वॉन्सीला आहे, तिथे घर बघा काकू.

लंडनमध्ये जात असाल तर यूलेझचं (लंडनच्या प्रदूषण-शुल्काचं) ऑटो पे खातं, डार्ट चार्ज (डार्टफर्डचा टोल), पार्किंगचं ॲप, ऑफिसचा परमिट, या सगळ्या ठिकाणी नंबर बदलायला लागतो. जुना नंबर खात्यात तसाच राहिला आणि तो दुसऱ्याच्या गाडीवर असला, तर त्याच्या लंडनवाऱ्यांचे रोजचे साडेबारा पौंड तुमच्या कार्डावरून जाऊ शकतात.

बाबूराव_बव्हेरियन
हे सगळं ठीक. पण नंबर काय आहे? खाजगी निरोपात सांगा हवं तर.

शेवटचा_डबा
मंडळी, अपडेट.

लीज कंपनीचं उत्तर आलं. खाजगी नंबर लावून देऊ म्हणतात, पण त्यांची ॲडमिन फी वेगळी, आणि चार वर्षांनी गाडी परत करताना सगळं पुन्हा आमच्याच माथी. तिकडे गृहस्थांना विचारलं, दोन-तीन आठवडे थांबाल का. त्यांचा मुलगा सोमवारपासून नव्या नोकरीला लागतोय, त्यासाठीच गाडी हवी आहे. थांबता येत नाही म्हणाले, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

शेवटी जिच्या नावाचा नंबर तिलाच विचारलं. लेक आता सतरा वर्षांची आहे. म्हणाली, "बाबा, तुम्ही मला शाळेत सोडायला यायचात तेव्हा मी एक चौक आधी का उतरायचे, हे तुम्हाला अजून कळलं नाही?" वर म्हणाली, ऐंशी पौंड असतील तर मला ड्रायव्हिंगचे दोन क्लास लावून द्या.

तर नंबर जॅझबरोबर दिला. गाडी गेलीसुद्धा. गृहस्थांनी नंबर पाहून विचारलं, हे काय लिहिलंय? मी म्हटलं, काही नाही, असाच आहे.

निवांत_नीलिमा
अहो!!

स्विंडनचा_श्याम
एवढं सगळं वाचून शेवटी नंबर दिलात? मला डीलरने लुबाडलं तरी मी चार वर्षं हळहळतोय, आणि तुम्ही हसत हसत दिलात. व्ही ७७८ करून कपाटात ठेवायचा होता. १० वर्षांत लेकीची स्वतःची गाडी आली असती.

केंटची_काकू
तिलाच नको असेल तर कपाटात ठेवून काय लोणचं घालायचंय? बरं केलंत. विकल्याचं ऑनलाइन कळवलंत का, ते सांगा.

शेवटचा_डबा
कळवलं काकू, गाडी गल्लीच्या टोकाला वळायच्या आत. टॅक्सचा डायरेक्ट डेबिटही बंद झाला.

बाबूराव_बव्हेरियन
मी मघापासून नंबर काय नंबर काय विचारतोय ते उगाच नाही. आर च्या मालिकेतलं एक नाव मी पुतणीसाठी शोधतोय, हजारापर्यंत द्यायची तयारी आहे. आता त्या गृहस्थांना गाठावं लागेल. गल्लीचं नाव सांगा.

शेवटचा_डबा
नाही सांगणार. नव्या नोकरीवरच्या पोराला सुखाने गाडी चालवू द्या.

पुणेरी_खवचट
बाबूराव, एक चौक आधी उतरायची तुमच्या पुतणीची तयारी आहे का, ते विचारून घ्या.

धुक्यातली_वाट
धागा वर आला म्हणून इथेच विचारते. माझ्याकडे व्ही ७७८ आहे, २०१६ चा, अजून कुठल्याच गाडीवर लावलेला नाही. त्याचं आता काय होतं? आपोआप वाढतो का?

केंटची_काकू
आपोआप नाही वाढत. पत्रावरची शेवटची तारीख बघा, त्याच्या आत नूतनीकरण करा. तारीख उलटली की हक्क गेला, मग रडून उपयोग नाही. आजच कपाट उघडा. बाकीचं विचारायचं तर नवा धागा काढा, इथे बाबूराव बसलेत.